दापोलीच्या होस्टेलवर पहिलं वर्ष: कोरड्या मुलखातून येणाऱ्यांसाठी

दापोलीच्या कृषी महाविद्यालयात येताना मी चार जीन्स आणल्या होत्या. ऑगस्टमधल्या पहिल्याच रविवारी त्यातली एक धुतली आणि खिडकीच्या गजाला टांगली. पुढच्या शनिवारी ती ओलीच होती, आणि वास असा मारत होती की माझ्या सांगलीच्या रूममेटनं ती काठीनं उचलून व्हरांड्यात नेऊन टाकली. उरलेल्या तीन जीन्स घडी न मोडता दिवाळीला घरी परत गेल्या.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा. आमच्याकडं सकाळी आठला दोरीवर टाकलेली चादर दहाला पापडासारखी कडक होते. वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला की माणसं म्हणतात, यंदा बरं झालं. दापोलीचा वर्षाचा पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बी.एस्सी. कृषीच्या प्रवेशाच्या फेऱ्याही याच दिवसांत चालतात. म्हणजे मराठवाड्यातलं, सोलापूर-नगरकडचं पोर बॅग घेऊन एसटीतून उतरतं ते थेट पाण्यात.

यंदा माझ्या मामेभावाला इथली सीट लागली. त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगून कंटाळलो, म्हणून सलग लिहून काढतोय. अभ्यास कसा करावा हे यात फारसं नाही. पहिल्या सेमिस्टरला माझी जी दैना झाली ती मोजे, कुलूप आणि चटणीच्या डब्यापायी झाली. पुस्तकं बिचारी गप होती.

यायचं कसं

आधी अलॉटमेंटचं पत्र नीट वाचा. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, दापोलीचं कृषी महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९६५ चं. उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी ही महाविद्यालयंही दापोलीतच आहेत. पण मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. ‘कोकण कृषी विद्यापीठ’ एवढंच वाचून दापोलीचं तिकीट काढाल आणि पुढं रत्नागिरीपर्यंत पेटी ओढत बसाल.

आमच्या बाजूच्या लोकांनी पुण्याला येऊन स्वारगेटवरून दापोलीची एसटी धरावी. मुंबईकडून किंवा सावंतवाडीकडून येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं खेड स्टेशन जवळ. तिथून दापोली तीसेक किलोमीटर. पावसाळ्यात दरड आली की एखादा घाट बंद होतो आणि गाडी दुसरीकडून वळवतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी डेपोत फोन करून विचारा. वळणं आमच्या सवयीची नाहीत. मी घाटात तीनदा खिडकीबाहेर डोकं काढलं, आणि शेजारच्या आजींनी मला त्यांच्या पिशवीतली आवळासुपारी दिली. तेव्हापासून ती माझ्या खिशात असते. मुलींना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढं आधार कार्ड हाताशी ठेवा.

पोहोचायचं ते दिवसाउजेडी. रात्री नऊला भर पावसात, वडिलांसकट, होस्टेल कुठल्या बाजूला हे विचारत फिरण्यात काही मजा नाही. मी फिरलोय.

पेटीत काय घालायचं

जीन्स एकच. बाकी ट्रॅक पँट, पातळ सिंथेटिक शर्ट-टीशर्ट, जे पंख्याखाली एका रात्रीत सुकतात. आतले कपडे किमान दहा जोड; हे आईला लाजत सांगितलं तरी चालेल, पण सांगा. टॉवेल जाड टर्किशचा नको, पंचा आणा. पंचा दोन आणा, कारण दुसऱ्याचा उपयोग वेगळाच आहे: धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळायचा, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं. निम्मं पाणी तिथंच जातं. ही युक्ती मला कर्जतच्या एका पोरानं शिकवली, तोवर माझा सप्टेंबर उजाडला होता.

नायलॉनची दोरी पाच-सहा मीटर, चिमटे दोन डझन, आणि प्लास्टिकचे हँगर. लोखंडी हँगर आणला तर शर्टाच्या खांद्यावर गंजाचा डाग पडतो, तो जात नाही. दोरी पंख्याच्या बरोबर खाली येईल अशी आडवी बांधायची आणि कपडे एकमेकांना चिकटवून टाकायचे नाहीत. चार जणांच्या खोलीत दोरीवरून भांडणं होतात. आम्ही शेवटी वार वाटून घेतले. माझा मंगळवार आणि शुक्रवार. रविवार कुणाचाच नाही, कारण रविवारी सगळेच धुतात आणि कुणाचंच वाळत नाही.

आठवडाभर उघडीप येणार नाही असं दिसलं तर धुवायची घाई करू नका. घाण कपडा दोन दिवस राहिला तर चालतो. धुतलेला ओला कपडा दोन दिवस बादलीत राहिला तर फेकायच्या लायकीचा होतो.

चामड्याचं काहीही आणू नका. माझा पट्टा दहा दिवसांत हिरवा झाला, चपलेवर पांढरी लव आली. पाकीटसुद्धा रेक्झिनचं बरं. पायात प्लास्टिकचे सँडल, शेतावरच्या प्रॅक्टिकलसाठी गमबूट (ते दापोलीच्या बाजारात मिळतात, घरून ओढत आणू नका), आणि बूट घालायचेच असतील तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. छत्री आणि रेनकोट दोन्ही लागतात. नुसती छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. नुसत्या रेनकोटात प्रॅक्टिकलची वही भिजते. वही आधी प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी सॅकमध्ये, सॅक रेनकोटाच्या आत, पाठीवर कुबड आल्यासारखं चालायचं. इथं सगळेच तसे चालतात.

पेटीच्या तळाला डांबरगोळ्या टाका, कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला. पत्र्याची पेटी गंजते हे खरं, पण उंदीर ती कुरतडत नाही. मी पत्र्याचीच सांगेन. बुडाखाली दोन विटा ठेवल्या की झालं.

पाय

याला मी वेगळं शीर्षक दिलंय ते मुद्दाम.

चिखल्या म्हणजे काय हे मला दापोलीत कळलं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, मग आग होते. दिवसभर ओल्या मोज्यात पाय राहिला की हे ठरलेलं. खोलीवर आलं की पहिलं काम फोन चार्जिंगला लावणं नाही, तर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी पुसणं. कॉलेजच्या सॅकमध्ये एक कोरडा मोज्यांचा जोड पिशवीत घालून ठेवा.

मांडीत किंवा कमरेला गोल लाल चट्टा आला, कडेनं खाज सुटली, तर तो नायटा. होस्टेलवर तो एकाला झाला की टॉवेल-चादरीवरून चौघांना होतो. इथं प्रत्येक सीनियरकडं एक ‘जादूचं’ मलम असतं. ते लावू नका. अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो, आणि पंधरा दिवसांत नायटा दुप्पट पसरतो. मी लावलं होतं. पुढं कातडीच्या डॉक्टरकडं दोन महिने औषध घेतलं. लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही, आणि सगळ्या विंगला झालेला असतो.

पायाला जखम असेल तर भाताच्या खाचरात उतरायच्या आधी सरांना सांगा. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेतून तो शिरतो. चिखलात काम केल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर ‘पावसात भिजलो असेल’ म्हणून गोळी खाऊन झोपू नका. डॉक्टरला ‘मी खाचरात उतरलो होतो’ हे स्वतःहून सांगा.

खोली

खोली ताब्यात घेताना वडील सोबत असतात, त्यांना घाई असते, परतीची गाडी असते. तरी दहा मिनिटं थांबा. पंखा सगळ्या नंबरांवर फिरतो का, बटण-सॉकेट चालतात का, कडी नीट बसते का, कॉटची फळी कुठं मोडलीय का, हे बघा आणि जे मोडलेलं असेल ते त्याच वेळी रजिस्टरमध्ये लिहा. वर्षाच्या शेवटी अनामत रक्कम परत घेताना त्या ओळीचा उपयोग होतो. अनामतीची पावती फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. कागद हरवेल, ग्रुपवरून हरवणार नाही.

खिडकीजवळची कॉट सगळ्यांना हवी असते. घेऊ नका. वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झड थेट गादीवर येते. मला हौस होती, आष्टीत कुठं असली हिरवी खिडकी! दोन रात्री झोपलो आणि तिसऱ्या दिवशी गादी पंख्याखाली उभी होती. भिंतीपासून वीतभर लांब, पंख्याखाली येणारी कॉट सगळ्यात चांगली. गादी आठवड्यातून एकदा उभी करून मागची बाजू बघायची, बुरशी तिथं सुरू होते.

कुलूप पितळी घ्या, लोखंडी पावसात धरून बसतं. किल्ल्या दोन असतात: एक तुमच्याकडं आणि दुसरी दुसऱ्या खोलीतल्या मित्राकडं. मी दोन्ही किल्ल्या एकाच कडीत घातल्या होत्या आणि ती कडी मोज्यांसोबत खोलीतल्या बादलीत भिजत घातली होती. कुलूप बाहेरून लावलेलं. इंटर्नल परीक्षेला वीस मिनिटं होती. कुलूप तोडायला करवत देणारा माळीदादा अजून मला बघितला की हसतो.

विजेचं एकच सांगतो. पाणी तापवायचा रॉड, शेगडी, इलेक्ट्रिक किटली, सगळ्याला बंदी असते आणि सगळे आणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मॅगीसाठी मी किटली लावली, त्याच वेळी पलीकडं कुणीतरी रॉड लावला होता, आणि आख्ख्या विंगची वीज गेली. साठ पोरं, उद्या मृदाशास्त्राचा पेपर, अंधार. नाव कळायला पाच मिनिटं लागली नाहीत, मॅगीचा वास सांगत होता. ओल्या भिंती आणि ओल्या हातांच्या या गावात रॉड तर अजिबात नको.

वीज पावसाळ्यात तशीही जाते. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडं आदळलं, त्यात दापोली तालुक्याच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि वीज बरेच दिवस आली नाही. इथल्या माणसांशी बोलताना ‘वादळाच्या आधी’ आणि ‘वादळानंतर’ असा हिशेब कानावर येतो. पॉवर बँक आणि सेलवर चालणारी बॅटरी पाहिजेच. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही, आणि त्याचं कारण पुढं आहे.

साप, विंचू

भाऊ, हे वाचून घाबरू नकोस, आणि आत्याला वाचून दाखवू नकोस.

कोकणात जांभ्याचा कातळ आहे आणि कातळावर फुरसं असतं. रंग कातळासारखाच, आकार वीत-दीड वीत, अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. रात्री मेसहून येताना पायवाटेवर बॅटरी मारत, पाय आपटत चालायचं. बूट घालण्याआधी झटकायचे, दोरीवरचा कपडा झटकायचा. जमिनीवर अंथरूण टाकून झोपायचं नाही, कितीही उकडलं तरी. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिचा दंश बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. झोपलेल्या माणसाला कळत नाही.

दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिसर्पविष तिथं मिळतं. मांत्रिकाचा पत्ता सांगणारा कुणीतरी भेटेल. त्याला मानानं बाजूला करा. विंचवाचंही तसंच. कोकणातल्या लाल विंचवानं पूर्वी माणसं दगावायची. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वेळेत दिलं तर जीव वाचतो, हे जगाला दाखवून दिलं ते इथून जवळच, महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. वेळेत हा शब्द महत्त्वाचा.

तीन वर्षांत मी स्वतः दोन साप पाहिलेत. दोन्ही धामण. तरी बूट झटकतो.

मेस, डबे आणि खाडा

इथं भात असतो. सकाळी भात, रात्री भात, आणि आपल्याला वाटतं भाकरी नंतर येईल. ती येत नाही. चपाती येते, पण ज्वारीची भाकरी आणि ठेचा विसरा. पहिला महिना मी भात खाऊन उठलो की तासाभरात भूक लागायची. नंतर कुळथाची पिठी आवडायला लागली, सोलकढी आवडायला लागली, आणि आता घरी गेल्यावर आईला आमसूल का आणत नाहीस म्हणून विचारतो.

घरून डबा आणायचा तर ओल न धरणारं आणा. लाडू चौथ्या-पाचव्या दिवशी वास मारतात. शेव-चिवडा दोन दिवसांत मऊ. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची कोरडी चटणी टिकते, तीही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आणि कोरड्या चमच्यानं घेतली तरच. आईनं दिलेली दोन किलो चटणी मी पेटीत लपवून ठेवली होती, एकट्याला पुरवून खायची म्हणून. महिन्यानं उघडली तर वर हिरवा थर. तिकडं सांगलीवाल्यानं त्याचा डबा पहिल्याच रात्री खोलीत मधोमध ठेवला होता. पुढं वर्षभर कुणाच्याही घरून काही आलं की आधी त्याला बोलावणं जायचं.

‘खाडा’ हा शब्द पहिल्या दिवशी शिका. तुम्ही जेवायला नसाल तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात, पण आधी वहीत खाडा मांडला असेल तरच. किती दिवस आधी मांडायचा, सलग किती दिवसांचा धरतात, ते मेसच्या सूचनाफलकावर बघा. मी गणपतीला सहा दिवस घरी गेलो, खाडा मांडायचा विसरलो, आणि न जेवलेल्या बारा जेवणांचे पैसे भरले. मेसच्या हिशेबाला बसायची संधी मिळाली तर बसा. तेलाचा डबा, तांदळाचं पोतं, गॅस आणि आचाऱ्याचा पगार एकदा स्वतः जमवला की भाजी पातळ का असते ते कळतं, आणि ओरडायचं कुणावर हेही कळतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टपासून हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव सुरू होतो. दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर, एसटी आहे. एकदा बघायला जाच. न खाणाऱ्यांनीसुद्धा. मात्र पावसाळ्यात मुरूड, कर्दे, लाडघर कुठल्याही किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. विहीर माणसाला आत ओढत नाही, समुद्र ओढतो.

कागद

प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स आणि सगळ्यांचं स्कॅन फोनवर. जाल तिथं मूळ प्रत दाखवावी लागते: दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जात आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. सातबारा ऑनलाइन निघतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही ऑनलाइन करता येतो, पण तो गावाकडून निघायच्या आधीच काढा. फोटो डझनभर.

शिष्यवृत्तीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी या साइटवर भरतात, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पोरांची नेहमीची चूक इथंच होते: फॉर्मवर एक खातं लिहितात, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. बँकेत जाऊन ‘माझं आधार या खात्याला सीड आहे का’ एवढं विचारा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. होस्टेल आणि मेसचा खर्च मात्र वेगळा धरून चाला. अर्ज शेवटच्या दिवशी भरू नका. त्या दिवशी साइट रडते, आणि इथं पावसात नेटही रडतं.

सीनियर

आल्या-आल्या ओळख-परेड होते. नाव, गाव, तालुका विचारणं ही ओळख. त्यापुढं जे काही अंगावर येतं ते रॅगिंग, मग ते कितीही हसत-खेळत असो. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि पालक दोघांनी हमीपत्र भरून दिलेलं असतं, सीनियरनंही दिलेलं असतं. १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत नंबर चोवीस तास चालतो. तो फोनमध्ये ‘काका’ या नावानं सेव्ह करून ठेवा.

बाकी सीनियर कामाचे असतात. कुठली वही कुठल्या सरांना कशी लागते, जुने पेपर, तणांच्या हर्बेरियमला (दाबून वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाला) कुठल्या बांधावर काय मिळतं. हर्बेरियमचं सांगतोच: या हवेत रोपटं नुसतं वर्तमानपत्रात दाबून ठेवलं तर त्याचं लोणचं होतं. कागद रोज बदलायचा, पहिले चार दिवस दोनदा. वर पुस्तकं नाही, पत्र्याची पेटी ठेवायची. माझी पहिली अठरा रोपं काळी पडली, आणि सबमिशनच्या आठवड्यात मी पुन्हा बांधावर होतो.

जिल्ह्याजिल्ह्याचे गट पडतात. बीडची पोरं बीडच्या खोलीत, साताऱ्याची साताऱ्याच्या. रूममेट निवडायला मिळाला तर स्वतःच्या तालुक्याचा घेऊ नका. एखादा कोकणातला मिळाला तर सोनं. माझ्या वर्गातल्या संगमेश्वरच्या पोरीला पाऊस कधी उघडणार ते डोंगराकडं बघून कळायचं. आम्ही मोबाइलवर बघायचो आणि भिजायचो. खाचरात बेणणी, म्हणजे तण काढणं, चालली होती, मी गमबूट रुतवून बसलो होतो, आणि ती अनवाणी सरसर पुढं. तरवा (भाताची रोपं), बेणणी, झोडणी (मळणी) हे शब्द सर फळ्यावर लिहीत होते, तिच्या घरात ते रोजचे. ज्वारीचं खळं कसं करतात हे मात्र तिनं मला विचारलं, तेव्हा माझी मान जरा वर आली.

घरचा फोन

पहिल्या आठवड्यात रोज फोन करायचो. सगळं सांगायचो: कपडे वाळत नाहीत, गादी ओली, पायाला चिखल्या, हा पाऊस थांबतच नाही, वैताग आला. वडील ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “इकडं एकवीस दिवस झाले.” मला आधी कळलंच नाही कशाचे एकवीस दिवस. मग लक्षात आलं, उडीद फुलावर होता आणि एकवीस दिवसांत थेंब नव्हता.

त्यानंतर मी ठरवून रविवारीच फोन करायला लागलो आणि पावसाचं बोलणं कमी केलं. काय जेवलो, कुठलं प्रॅक्टिकल झालं, वेधशाळेत पर्जन्यमापक कसा वाचतात, असलं सांगतो. रडायचं असेल तर रडायला हरकत नाही, पण त्यासाठी रूममेट जवळ आहे आणि त्यालाही रडायचंच असतं. पहिले सहा आठवडे सगळ्यांना परत जावंसं वाटतं. नाव काढून घ्यायचा अर्ज मी लिहून ठेवला होता, तो चटणीच्या डब्याखाली होता, त्यालाही बुरशी आली.

दिवाळीला घरी जाताना

ऑक्टोबरात हवा बदलते. पहिलं कडक ऊन पडलं की त्या दिवशी लेक्चर बुडालं तरी चालेल, गादी, चादरी, पेटीतलं सगळं बाहेर काढा.

घरी जाताना विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून एखादं कलम न्या. काजूची वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ कोकणातच बरी. मी रत्ना आंबा नेला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून विद्यापीठानंच १९८१ साली काढलेली जात, फळात हापूससारखा साका (गरातला स्पंजासारखा खराब भाग) होत नाही. सर म्हणाले, तुमच्याकडं केशर लाव. बरोबरच म्हणाले, पण मला इथलं काहीतरी न्यायचं होतं. कलम न्यायचं तर पिशवीसकट ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, एसटीच्या डिकीत टाकायचं नाही, पायांच्या मधे उभं धरायचं. जोडाच्या खाली फुटलेली पालवी खुडत राहायचं, ती रायवळाची असते. लावल्यावर शेजारी तळाला भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात पाणी ओतायचं.

वडिलांनी ते न्हाणीच्या पाण्यावर लावलं. गेल्या जूनमध्ये मी इथं खोलीत दोरी बांधत होतो, बाहेर दोन दिवस धार तुटली नव्हती, पंख्याखाली आठ शर्ट. फोन आला. म्हणाले, तुझ्या आंब्याला तांबडी पालवी आलीय. मग थोडं थांबून नेहमीचं विचारलं, “तिकडं पाऊस आहे का?”

मी खिडकी लावून घेतली. म्हणालो, “आहे थोडा थोडा.”